ट्रिगर सेट केला तरी पुन्हा बिघडतो? एअर रायफलला नवा ट्रिगर घेण्याआधी हे तपासा

"सर, ट्रिगर पुन्हा जड होऊन राहिला." "फर्स्ट स्टेजच गायब झाली." "मागच्या आठवड्यात काचेसारखा तुटत होता, आता घासत येतो." नागपुरातल्या कोणत्याही रेंजवर एप्रिल-मे मध्ये आणि मग पाऊस लागल्यावर ही वाक्यं कानावर पडतातच. (फर्स्ट स्टेज म्हणजे ट्रिगरची सुरुवातीची हलकी ओढ. ती संपल्यावर बोटाला जो अडथळा लागतो ती भिंत, आणि भिंत ओलांडून शॉट सोडणारी ओढ म्हणजे सेकंड स्टेज. ट्रिगर "तुटतो" म्हणजे तिथे सुटतो.) पुढचा प्रश्नही ठरलेला असतो: कोणता ट्रिगर बसवू? मुलाच्या सरावासाठी पदरमोड करणारे आईवडील हा प्रश्न विचारतात तेव्हा उत्तर जबाबदारीनं द्यायला हवं, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

हे सगळं दहा मीटरच्या ४.५ मिमी एअर रायफलबद्दल आहे: नळी मोडून भरायची स्प्रिंगवाली आणि सिलिंडरमधल्या दाबलेल्या हवेवर चालणारी पीसीपी, दोन्ही. इंटरनेटवर ट्रिगर बदलण्याचे जे व्हिडिओ सापडतात त्यातले बहुतेक अमेरिकेतल्या सेमी-ऑटोमॅटिक रायफलींचे असतात. तिथे मूळ ट्रिगर ओढायला अडीच ते चार किलोंच्या आसपास जोर लागतो आणि लोक तो काढून दोन किलोंच्या आतबाहेरचा तयार संच बसवतात. त्या यंत्रणेत हातोडा असतो, आणि पुढच्या गोळीसाठी तो अडवून धरणारा डिस्कनेक्टर असतो. आपल्या स्प्रिंगच्या रायफलीत हातोडाही नाही आणि डिस्कनेक्टरही नाही. तिथे सीअर, म्हणजे ट्रिगर ओढेपर्यंत अडवून धरणारी खिट्टी, थेट पिस्टनला धरून बसलेली असते. त्यामुळे त्या व्हिडिओंमधला "सिंगल स्टेज घ्या, दोन पिना काढा, झालं" हा सल्ला आपल्याकडे लागू होत नाही. उलट धोक्याचा ठरू शकतो.

माझं मत आधीच सांगतो. ट्रिगर "पुन्हा पुन्हा" बिघडतो आहे, म्हणजे ट्रिगरच्या बाहेर काहीतरी हलतं आहे. ते शोधल्याशिवाय नवा ट्रिगर बसवला, तर महिन्याभरात तोही तसाच वागेल.

हात लावण्याआधी

नळी सुरक्षित दिशेला, छर्रा काढलेला. पीसीपी असेल तर पुस्तिकेप्रमाणे सिलिंडर उतरवलेला किंवा ड्राय-फायरच्या, म्हणजे छर्रा न सोडता नुसता ट्रिगर चालवण्याच्या, स्थितीत. स्प्रिंगची रायफल कॉक केलेली (स्प्रिंग दाबून तयार ठेवलेली) असताना स्टॉक, म्हणजे दस्ता, कधीही खोलायचा नाही. ब्रेक-बॅरल रायफल उघडून छर्रा भरताना दुसऱ्या हातानं नळी घट्ट धरूनच ठेवायची. ट्रिगरशी खेळलेल्या रायफलीत सीअर निसटली तर नळी झटक्यानं वर येते आणि बोटं सापडतात. बाजूच्या किंवा खालच्या दांड्यानं कॉक होणाऱ्या साइड-लीव्हर आणि अंडर-लीव्हर रायफलींमध्ये सरकणारी नळकांडी त्याहून वाईट, तिथे अंगठ्याचं टोक जाऊ शकतं. मुलांना हे एकदा सांगून भागत नाही. प्रत्येक वेळी सांगायचं.

तुमच्या हातात कोणता ट्रिगर आहे

बाजारात मिळणाऱ्या साध्या स्प्रिंग रायफलींमध्ये बहुधा एकच सीअर असते. पिस्टनच्या दांड्याच्या खाचेत किंवा कडेत ती अडकते आणि दाबलेल्या स्प्रिंगचा सगळा जोर, म्हणजे कित्येक दहा किलोंचा दाब, त्या एका कडेवर येतो. ट्रिगर ओढणं म्हणजे तेवढ्या दाबाखाली पोलादावर पोलाद घासत नेणं. असा ट्रिगर जड असतो आणि लांबून घासत येतो, कारण त्याची घडणच तशी आहे. त्याच्यावर जो एक स्क्रू दिलेला असतो, तो काही मॉडेलांत फक्त ट्रिगरच्या परतीच्या स्प्रिंगचा ताण बदलतो आणि काहींमध्ये सीअरची पकड कमी करतो. दुसऱ्या प्रकारचा स्क्रू आत आत फिरवत गेलं की ट्रिगर हलका वाटू लागतो, आणि एक दिवस रायफल जमिनीवर टेकवताच सुटते. आपला स्क्रू कोणत्या प्रकारचा आहे हे कळल्याशिवाय त्याला हात लावू नका.

दुसरा प्रकार दोन-तीन पातळ्यांच्या कड्यांचा. वाईराउख या जर्मन कंपनीचा रेकॉर्ड ट्रिगर हे याचं सर्वांना माहीत असलेलं उदाहरण. त्यात पिस्टनचा जोर पहिल्या कडीवर येतो, तरफेमुळे पुढच्या कडीवर तो बराच कमी होतो आणि बोटाच्या कडीपर्यंत अगदी थोडा उरतो. म्हणून असा ट्रिगर सुरक्षितपणे काही शे ग्रॅमवर आणता येतो. हा सगळा संच दोन पिनांवर बसतो आणि एकत्र बाहेर निघतो. डायाना कंपनीच्या टी०५ आणि टी०६ या दोन पिढ्यांचे ट्रिगरही इथेच मोडतात. टी०५ चं पातं, म्हणजे बोट टेकतं तो भाग, प्लास्टिकचं होतं, टी०६ चं धातूचं आहे आणि त्याला नीट सेट करता येतं.

तिसरा म्हणजे वॉल्थर एलजी४००, फाइनवेर्कबाऊ ८०० यांसारख्या स्पर्धेच्या पीसीपी रायफलींचा. इथे ट्रिगरला पिस्टन धरायचाच नसतो, हवेच्या झडपेवर आदळणारा एक छोटा स्ट्रायकर सोडायचा असतो. शंभर ग्रॅमच्या आसपासचं ओढ-वजन, त्यातलं अर्ध्याहून जास्त फर्स्ट स्टेजला आणि उरलेलं सेकंड स्टेजला, ही अशा रायफलीवरची नेहमीची मांडणी. फर्स्ट स्टेजचं वजन, सेकंड स्टेजचं वजन, तुटल्यानंतर ट्रिगरला अडवणारा थांबा आणि पात्याची जागा, सगळ्याला वेगळे स्क्रू असतात. या रायफलीला बाहेरचा ट्रिगर घेण्याची गरज जवळपास कधीच पडत नाही. तिच्या तक्रारी सेटिंगच्या, घाणीच्या आणि हातांच्या असतात.

तक्रार नेमकी काय आहे

"ट्रिगर खराब आहे" यातून काहीच कळत नाही. रायफल टेबलावर टेकवा, डोळे मिटा आणि अगदी हळू ओढून पाहा. मग बोटाला काय जाणवलं ते शब्दांत लिहा. स्प्रिंगच्या रायफलीत हे छर्रा भरून, रेंजवर, टार्गेटच्या दिशेनंच करायचं, कारण रिकामी सोडली तर पिस्टन पुढे आपटून सील आणि स्प्रिंग दोन्ही खराब होतात. पीसीपीवर ड्राय-फायरमध्ये हवं तितकं करा.

पहिली स्टेज हलकी सरकली आणि मग भिंतीवर थांबलीच नाही, सरळ सुटली, तर फर्स्ट आणि सेकंड स्टेजमधली हद्द हरवली आहे. बहुतेक वेळा सेकंड स्टेजचा स्क्रू स्वतःहून फिरलेला असतो किंवा कोणीतरी फिरवलेला असतो. भिंत लागली, पण तिच्यानंतर ट्रिगर थोडा थोडा घसरत, अडखळत सुटला, तर ती क्रीप. त्यामागे घाण, सुकलेलं तेल, गंज किंवा झिजलेली कड असते. सुटल्यानंतर बोट जोरात मागे जाऊन आदळलं आणि समोरची माशी (नळीच्या टोकावरची, नेम धरायची खूण) हलली, तर थांबा चुकीच्या जागी आहे. उलट थांबा फारच जवळ आणला असेल तर कधी कधी ट्रिगर पूर्ण ओढूनही शॉट सुटतच नाही. ही तक्रार उन्हाळ्यात धुळीबरोबर येते, कारण कसाबसा सुटणाऱ्या ट्रिगरला एक कणसुद्धा अडवतो.

वजन दर शॉटला वेगळं लागत असेल, तर माझा पहिला संशय ट्रिगरवर नसतो, स्टॉकवर असतो. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

आणि मग ती तक्रार जी ट्रिगरची वाटते, पण नसते. उजव्या हाताच्या नेमबाजाचे शॉट सतत डावीकडे जातात तेव्हा बऱ्याचदा बोटाचं फक्त टोक पात्यावर असतं आणि ते रायफलीला बाजूनं ढकलतं. सतत उजवीकडे जातात तेव्हा बोट सांध्यापर्यंत आत शिरून ओढत असतं. पहिल्या पेराची गादी पात्यावर यावी आणि ओढ नळीच्या रेषेत सरळ मागे जावी, एवढ्यासाठी पात्याची जागा पुढे-मागे करता येते. दहा मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ फक्त अर्ध्या मिलिमीटरचं असतं आणि नऊचं साडेपाच मिलिमीटरचं. बोटाच्या चुकीच्या कोनानं दहाचा नऊ व्हायला काहीच लागत नाही. वाढत्या वयाच्या मुलाची बोटं एका वर्षात लांबतात, पण पातं सहावीत ठेवलं होतं तिथेच राहतं. पालक म्हणतात ट्रिगर बिघडला. पातं चार मिलिमीटर पुढे घेतल्यावर तोच ट्रिगर पुन्हा चांगला होतो.

नागपूरची हवा

इथे थोडं थांबून लिहितो, कारण बाहेरच्या देशांच्या पुस्तिकांमध्ये हे सापडत नाही.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. दुपारी रेंज संपली, केस गाडीच्या डिक्कीत टाकली, सीताबर्डीच्या बाजारात दोन-तीन कामं केली आणि संध्याकाळी घरी आलो, असं अनेकांचं असतं. बंद डिक्कीत बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त तापतं. पातळ तेल तिथे वाहू लागतं. रायफल बटवर (खांद्याला टेकतं त्या मागच्या टोकावर) उभी ठेवली असेल तर नळीतलं आणि मागच्या भागातलं तेल उतरून थेट ट्रिगरच्या घरात जमतं. त्यावर उन्हाळ्याची बारीक पांढरी धूळ बसते आणि केसमधल्या फोमचे कण चिकटतात. काही आठवड्यांत त्याचा जो लगदा होतो तो सीअरच्या कडांमध्ये शिरतो. मग "ट्रिगर घासतो." तोच लगदा डिसेंबर-जानेवारीच्या थंड सकाळी घट्ट होतो आणि "ट्रिगर जड झाला."

रात्री रायफल कुठे असते हेही पाहा. नागपुरात उन्हाळ्यात कूलरशिवाय झोपणं कठीण. खसच्या टाट्यांतून येणारी ओली हवा ज्या खोलीत भरते, त्याच खोलीत पलंगाखाली केस सरकवलेली असते. फोम ती ओल धरून ठेवतो. वरून नळी चकाचक दिसते, पण ट्रिगरच्या आतल्या न रंगवलेल्या पोलादावर तांबूस पुट चढायला लागतं. घामेजलेल्या बोटांनी त्यात भर पडते. पावसाळ्यात उलट घडतं: वातानुकूलित हॉलमधून थंड झालेली रायफल बाहेरच्या दमट हवेत आली की धातूवर दव धरतं. तशीच पुसल्याशिवाय केसमध्ये बंद केली की पुढचं काम ओल करते.

लाकडी स्टॉकचं गणित आणखी वेगळं. उन्हाळ्यात लाकूड सुकून आक्रसतं आणि स्क्रू सैल पडतात. पावसाळ्यात ते फुगतं आणि तेच स्क्रू जास्त दाब देतात. काही स्प्रिंग रायफलींमध्ये ट्रिगर-गार्डचा स्क्रू ट्रिगरच्या घरालाच बांधलेला असतो. तो कमी-जास्त आवळला की घर किंचित वाकतं, पिनांवर ताण येतो आणि ट्रिगरचं वजन बदलतं. कधी ट्रिगरचं पातं स्टॉकच्या खोबणीच्या कडेला हलकेच घासू लागतं. आपण सेटिंगचा स्क्रू फिरवत बसतो आणि खरा बदल झालेला असतो लाकडात.

म्हणून ऋतू बदलला की एवढं करायचंच. स्टॉक उतरवा. ट्रिगरचं घर कोरड्या ब्रशनं साफ करा. जुनं तेल पुस्तिकेत सांगितलेल्या द्रवानं धुवा आणि पूर्ण वाळू द्या. स्प्रिंगच्या रायफलीत सीअरच्या कडांना मोलिब्डेनमच्या ग्रीसचा अगदी बारीक थर लावा, टाचणीच्या टोकावर मावेल एवढाच. पीसीपीच्या ट्रिगरला कंपनीनं सांगितलं असेल तरच आणि तेवढंच वंगण. फवाऱ्याचं कोणतंही घरगुती तेल ट्रिगरमध्ये मारू नका. आज गुळगुळीत लागतं, सुकलं की गोंद होतो. शिवाय स्प्रिंग रायफलीत ते पुढे नळकांडीत गेलं की हवेच्या दाबानं पेटतं, शॉटला धूर आणि धडाका येतो आणि वेग भलताच होतो. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि ओलसर झाल्यावर बदला. केस कूलरच्या खोलीत ठेवू नका. रायफल आडवी ठेवा.

यानंतरच पुन्हा ओढून पाहा. माझ्या अनुभवात नवा ट्रिगर शोधायला निघालेल्यांपैकी बरेच जण इथेच थांबतात.

स्क्रू, क्लबची रायफल आणि सगळ्यांचे हात

क्लबची रायफल असेल तर "पुन्हा बिघडतो" याचं सर्वांत सोपं कारण म्हणजे ती सकाळी एक मुलगा चालवतो, दुपारी दुसरी मुलगी आणि संध्याकाळी तिसरा. प्रत्येकाला ट्रिगर थोडा वेगळा हवा असतो, प्रत्येकाच्या खिशात अॅलन की असते, आणि प्रत्येक जण आपल्यापुरतं थोडं फिरवतो. कोणीच खोटं बोलत नाही. "मी फक्त अर्धा फिरवला" हे खरंच असतं.

याला उपाय कागदाचा आहे. केसच्या झाकणाला आतून एक कार्ड चिकटवा. प्रत्येक स्क्रूचं नाव, पूर्ण आत घेतल्यावर किती फेरे बाहेर काढला ते, तारीख आणि कोणी बदललं ते त्यावर लिहा. पूर्ण आत घेताना हळू जायचं आणि अडलं की थांबायचं. मग प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून शेजारच्या धातूपर्यंत रंगाची एक बारीक रेघ ओढा. रेघ तुटली, म्हणजे स्क्रू हलला. नेलपॉलिश यासाठी उत्तम, सहज निघतं आणि लांबून दिसतं. स्क्रू कंपनानं स्वतःच फिरत असेल तर रेघेवरून ते आठवड्यात कळेल, आणि तेव्हाच निळ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू धरून ठेवणाऱ्या गोंदाचा) एक बारीक थेंब लावायचा. लाल प्रकार कधीच नाही, तो तापवल्याशिवाय सुटत नाही. आणि थेंब सीअरवर ओघळणार नाही इतकाच.

सेटिंग बदलायचीच असेल तर क्रम महत्त्वाचा. आधी पात्याची जागा आणि कोन, कारण बोट बदललं की वजनाची जाणीवही बदलते. मग फर्स्ट स्टेजची लांबी आणि वजन. मग सेकंड स्टेज. थांबा सगळ्यात शेवटी, आणि तो सुटण्याच्या बिंदूनंतर थोडी जागा सोडून, चिकटवून नाही. एका वेळी एकच स्क्रू, पाव फेरा, आणि मग किमान दहा शॉट. दोन स्क्रू एकत्र फिरवले की काय कशामुळे झालं ते कोणालाच सांगता येत नाही, मलाही नाही. रेकॉर्ड ट्रिगर असेल तर पात्याच्या मागचा मोठा स्क्रू वजनाचा. दुसऱ्या छोट्या स्क्रूला हात लावण्याआधी त्या ट्रिगरची आकृती समोर असायला हवी.

वजन मोजा, अंदाज करू नका

"जड" आणि "हलका" हे शब्द दिवसागणिक बदलतात. थकलेल्या बोटाला, थंड बोटाला, परीक्षेच्या आदल्या दिवशीच्या बोटाला तोच ट्रिगर वेगळा लागतो. पीसीपीवर मोजणं सोपं आहे. छर्रा नाही, ड्राय-फायर, नळी वर करून रायफल उभी धरायची, एका रिकाम्या बाटलीला दोऱ्याचा फास बांधून तो पात्याच्या मधोमध अडकवायचा आणि रायफल हळूच उचलायची. बाटलीत थोडं थोडं पाणी घालत जायचं. ज्या पाण्याला ट्रिगर सुटला, ती बाटली पाण्यासकट स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवायची. तीन वेळा करा. तिन्ही आकडे जवळपास सारखे आले तर ट्रिगर नीट आहे आणि तक्रार दुसरीकडे आहे. आकडे विखुरले तर आत काहीतरी अडतं आहे. मला स्वतःला वजनाच्या आकड्यापेक्षा हा विखुरलेपणा जास्त सांगून जातो.

स्प्रिंगच्या रायफलीवर ही बाटलीची पद्धत वापरू नका. ती रिकामी सोडता येत नाही, आणि छर्रा भरून नळी आकाशाकडे करणं म्हणजे अपघाताला बोलावणं. तिथे रेंजवर टेकवलेल्या रायफलीवर, टार्गेटच्या दिशेनं, हुकाचा काटा ट्रिगरला लावून सरळ मागे ओढायचं. सामानाचा डिजिटल काटा किलोंच्या ट्रिगरला चालतो. शंभर ग्रॅमला तो कामाचा नाही.

नियमांबद्दल एक गोंधळ नेहमी दिसतो. एअर पिस्तुलाला किमान ५०० ग्रॅमची अट आहे आणि स्पर्धेत ती तपासली जाते. एअर रायफलला अशी किमान वजनाची अट नाही. त्यामुळे पिस्तुलवाल्या मित्राचं ऐकून रायफलीचा ट्रिगर जड करू नका. आणि अट नाही म्हणून नवख्या मुलाला साठ ग्रॅमचा ट्रिगरही देऊ नका. जाड जॅकेटचा आणि वजनदार रायफलीचा भार सांभाळणाऱ्या मुलाला भिंत स्पष्ट लागायला हवी, नाहीतर तो शॉट सोडत नाही, त्याच्याकडून सुटतो. २०२४ ला पॅरिसमध्ये आपल्या महाराष्ट्राच्या स्वप्नील कुसाळेनं कांस्य मिळवल्यापासून "त्याच्यासारखा ट्रिगर" हवा म्हणणारी मुलं भेटतात. तो ५० मीटरच्या तीन पोझिशनच्या प्रकारात .२२ ची रायफल चालवतो. वजनाचा आकडा उचलून आणला म्हणून त्यामागचा वर्षानुवर्षांचा सराव येत नाही. मुलांना हे समजावून सांगितलं की ती ऐकतात.

सीअर घासून घेऊ नका

हिंगणा आणि बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतींत उत्तम कारागीर आहेत, टूलरूममध्ये मायक्रॉनमध्ये काम करणारे. त्यामुळे नागपुरात हा मोह फार होतो: "ओळखीचा आहे, सीअर आरशासारखी करून देतो." कारागिराच्या हाताबद्दल माझी काहीच शंका नाही. प्रश्न धातूचा आहे. बऱ्याच सीअरना वरचा पातळ थरच कडक केलेला असतो आणि आतलं पोलाद मऊ असतं. घासताना तो थर गेला की ट्रिगर सुरुवातीला लोण्यासारखा लागतो, मग मऊ कड दाबाखाली बसते, गोल होते आणि पकड उरत नाही. कोन अर्ध्या अंशानं बदलला तरी कडी स्वतःहून सुटण्याच्या दिशेला सरकू शकते. अशी रायफल बाहेरून ओळखू येत नाही. ती एखाद्या दिवशी बेंचवर ठेवताना सुटते. झिजलेल्या सीअरवर उपाय एकच: तो भाग नवा आणायचा.

मग नवा ट्रिगर कोणी घ्यावा

साफसफाई झाली, स्टॉकचे स्क्रू पाहिले, बोट आणि पातं जुळवलं, वजन मोजलं आणि तरीही क्रीप आहे किंवा वजन हवं तिथे सुरक्षितपणे येत नाही. आता निवडीला अर्थ आहे.

एकच सीअर असलेल्या साध्या स्प्रिंग रायफलीला बाहेरून मिळणारं नवं पातं किंवा वेगळ्या लांबीचे स्क्रू बसवण्याची कल्पना लोकप्रिय आहे. पातं बदलण्याला माझा विरोध नाही. रुंद, सपाट पात्यावर तेच वजन बोटाला कमी वाटतं आणि कोन सुधारतो. लांब स्क्रू घालून फर्स्ट स्टेज "तयार" करण्याचे प्रकार मात्र सीअरची पकड कमी करूनच काम करतात. मुलाच्या हातात द्यायच्या रायफलीवर मी ते कधीच करणार नाही. या प्रकारच्या रायफलीवर ट्रिगरसाठी मोठा खर्च करण्यापेक्षा तो पैसा पुढच्या रायफलीसाठी बाजूला ठेवणं चांगलं, तोवर चांगले छर्रे आणि भरपूर सराव.

कड्यांच्या संचाची रायफल असेल तर पूर्ण संच बदलणं योग्य, सुटी कडी नाही. कड्या एकमेकींशी जुळलेल्या असतात. नव्या कडीवर जुनी कडी बसवली की दोन्ही लवकर झिजतात. टी०५ च्या जागी टी०६ घेण्यासारखे बदल अनेकांनी केलेले आहेत, पण आपल्या रायफलीच्या नेमक्या वर्षाच्या आवृत्तीला तो बसतो का, सेफ्टी त्याच्याबरोबर काम करते का आणि बदललेला ट्रिगर वॉरंटीत चालतो का, ही तीन उत्तरं विक्रेत्याकडून लेखी घ्या. तोंडी "बसतो भाऊ" वर पैसे देऊ नका. परदेशातून परस्पर पार्सल मागवण्याआधी आयातीचे नियम आपल्या जिल्हा किंवा राज्य संघटनेत विचारा. शस्त्राचा भाग म्हणून लिहिलेलं पार्सल कस्टममध्ये अडकलं की ते सोडवणं सोपं नसतं.

स्पर्धेच्या पीसीपीला नवीन ट्रिगर शोधू नका. जुनी, दुसऱ्याच्या हातातून आलेली रायफल असेल तर अधिकृत सर्व्हिसकडून ट्रिगर उघडून तपासून घ्या. त्यात स्प्रिंग आणि एखादी पिन बदलली की ती पुढची अनेक वर्षं चालते. फार तर वेगळ्या आकाराचं पातं घ्या. ते हौसेचं नाही, बोटाच्या मापाचं काम आहे.

नवा ट्रिगर बसवल्यावर लगेच स्कोअर मोजायला बसू नका. आधी ही तपासणी करा. पीसीपी असेल तर छर्रा आणि हवा दोन्ही काढून, कॉक करून, सेफ्टी असली तर ऑफ करून, बटवर तळहातानं चारी बाजूंनी ठोका. स्प्रिंगची असेल तर छर्रा भरून, रेंजवर, टार्गेटच्या दिशेनं धरूनच. एकदाही सुटली तर ती रायफल त्या दिवशी पुन्हा भरायची नाही, सेकंड स्टेजची पकड वाढवायची आणि तपासणी पहिल्यापासून करायची. सुटली नाही, तर कार्डावर फेरे आणि तारीख लिहा, स्क्रूंवर रेघा ओढा आणि दहा-दहाच्या दोन मालिका टेकवून मारा. टार्गेटवरच्या छिद्रांचा गट जुन्या ट्रिगरपेक्षा लहान झाला नसेल, तर ट्रिगरला पुन्हा हात लावण्याआधी नळीचं सील, छर्रे आणि स्टॉकचे स्क्रू पाहा.